चिठ्ठ्यांची मळणी

साखरवेळच्या बंदरात त्या काळी आगबोट किनाऱ्याला लागत नसे. उतारू बोटीतून होडीत आणि होडीतून गड्याच्या खांद्यावर बसून वाळूवर येत. महायुद्ध संपून पाच-सहा वर्षे झाली होती. मी मुंबईहून डॉक्टरीची परीक्षा पास होऊन डॉ. महादेवराव चौलकर यांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून येत होतो. गड्याच्या खांद्यावरून मला पहिल्यांदा दिसले ते डॉक्टरसाहेबच. धोतर गुडघ्यावर खोचून ते पाण्यात उभे होते आणि हातातली छत्री त्यांनी उघडून धरली होती. एवढा मोठा माणूस माझ्या स्वागताला पाण्यात उतरला, या कल्पनेने मी खांद्यावरच ताठ झालो. छत्री मात्र मला ओलांडून मागून येणाऱ्या औषधांच्या खोक्यावर गेली.

"उन्हानं औषधं बिघडतात," डॉक्टरसाहेब म्हणाले. "तुम्ही काय, चालत सावलीला याल."

ही आमची पहिली ओळख. त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी काय लिहावे, याचा विचार करताना तीच छत्री पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येते. कारण पुढे एकदा अशी वेळ आली की ती छत्री त्यांनी माझ्यावरही धरली. ती हकिकत आजवर डॉक्टरसाहेब, त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या काकू, आमचे कंपाउंडर हुसेनभाई आणि मी, एवढ्या चौघांनाच ठाऊक आहे. आज ती सर्वांसमोर सांगणार आहे. त्यांना विचारले असते तर त्यांनी नको म्हटले असते, म्हणून विचारलेले नाही.

दवाखान्यातल्या माझ्या पहिल्या दिवसाची गोष्ट आधी सांगतो. खोकल्याने बेजार झालेला एक शेतकरी आला. मुंबईत शिकलेले सगळे ज्ञान मी त्याच्या चिठ्ठीवर उतरवले. आठ जिनसांचे मिश्रण, पोटात घेण्याची पूड, छातीला चोळायचे तेल आणि वर एक विलायती टॉनिकची बाटली. डॉक्टरसाहेबांनी चिठ्ठी शांतपणे वाचली आणि विचारले, "यात तांदूळ किती?"

मला वाटले, पथ्याचे विचारताहेत. मी म्हणालो, "भात कमी खायला सांगितलाय."

"तसं नव्हे. या चिठ्ठीला तांदूळ किती पडतो? ही एवढी औषधं घ्यायला त्यानं घरातला किती तांदूळ विकायचा?"

त्यांनी बोटांवर हिशेब केला. नुसत्या टॉनिकलाच चार पायल्या पडत होत्या. "पाच माणसांचं घर यावर चार दिवस जेवतं," ते म्हणाले. "तुमची बाटली त्यांना चार दिवस जेवू घालील का?" मग त्यांनी माझ्या चिठ्ठीवर काट मारायला सुरुवात केली. शेवटी ज्येष्ठमध आणि सोडा एवढेच उरले. बाकीचा तांदूळ घरात राहू द्या, या माणसाला तेच टॉनिक आहे, असे सांगून त्यांनी चिठ्ठी हुसेनभाईंकडे सरकवली. मी दिवसभर गाल फुगवून बसलो होतो. आठ दिवसांनी तो शेतकरी खोकला घालवून आला आणि येताना शेतातले वाल घेऊन आला. ते वाल डॉक्टरसाहेबांनी माझ्या घरी पाठवले, हेही सांगितले पाहिजे.

तेव्हापासून आमच्या दवाखान्यात प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात तांदळाचा आकडा लिहिण्याची चाल पडली. औषधाचे दाम रुपये-आण्यांत सांगितले तर इथला माणूस नुसती मान डोलावतो. तांदळात सांगितले की त्याला आणि डॉक्टरला, दोघांनाही एकदम समजते. मुंबईच्या औषध कंपन्यांचे गृहस्थ रंगीत कागदांत गुंडाळलेले नमुने घेऊन येत, त्यांनाही डॉक्टरसाहेब चहा पाजून हाच प्रश्न विचारत. एकाने घाम पुसत उत्तर दिले होते, "साहेब, आमच्याकडे तांदळाचं कोष्टक नाही." त्यावर डॉक्टरसाहेबांनी त्याला आणखी एक कप चहा दिला आणि नमुने परत दिले.

याचा अर्थ डॉक्टरसाहेब चिक्कू आहेत असा कोणी घेऊ नये. अर्थात थोडेसे आहेतच. गोड सरबत घालून औषध चवदार करणे त्यांना उधळपट्टी वाटते, आणि मिश्रणाला लाल रंग द्या म्हणून हुसेनभाई वर्षानुवर्षे विनवीत आले आहेत. "साहेब, बिनरंगाच्या औषधावर लोकांचा यकीन बसत नाही हो!" यावर डॉक्टरसाहेबांचे ठरलेले उत्तर, "पाण्यावर बसतो ना? त्याला कुठं रंग आहे?" रोग्यांना चहा सोडा म्हणून बजावणारे डॉक्टरसाहेब स्वतः बशीत ओतून दिवसातून पाचदा चहा घेतात. रागावले म्हणजे त्यांचा आवाज बंदरापर्यंत जातो. पण ज्या दिवशी त्यांनी मला खरोखर रागे भरायला हवे होते, त्या दिवशी तो आवाज निघालाच नाही. तीच आता सांगायची गोष्ट.

तिच्याआधी मळणीविषयी सांगावे लागेल. पावसाळ्याचे तीन महिने आमचे बंदर बंद असते. आगबोट येत नाही, आणि माणगावकडचा रस्ता ओढे भरले की तुटतो. तेव्हा नारळी पौर्णिमेपर्यंत पुरेल एवढे औषध वैशाखातच मुंबईहून मागवून ठेवावे लागते. ते किती मागवायचे हे ठरवण्यासाठी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास एक दिवस दवाखाना दुपारनंतर बंद ठेवायचा, वर्षभराच्या सगळ्या चिठ्ठ्या ओसरीवर ओतायच्या आणि एकेक चिठ्ठी उलटून पाहायची. कारण रोगी पुढे कसा झाला ते डॉक्टरसाहेब चिठ्ठीच्या पाठीवर लिहून ठेवत. शेरे तीनच. औषधाने बरा, आपोआप बरा, बरा नाही. तीन शेऱ्यांचे तीन ढीग होत. दाणे आणि फोलपटे वेगळी करायची, म्हणून हुसेनभाईंनी या प्रकाराला 'चिठ्ठ्यांची मळणी' असे नाव दिले होते.

सगळ्यांत मोठा ढीग नेहमी 'आपोआप बरा' याचा. त्यातल्या बहुतेक चिठ्ठ्या डॉक्टरसाहेबांच्या स्वतःच्याच असत, आणि त्या मोठ्याने वाचताना त्यांना कसला संकोच वाटत नसे. "या बाईला मी उगाच कडू पाजलं," असे ते सरळ म्हणत. ज्या डॉक्टरला आपले श्रेय असे सुपातून पाखडता येते, तो डॉक्टर मी दुसरा पाहिलेला नाही.

मला ते जमले नाही. माझ्या दुसऱ्या वर्षाची मळणी आली, तेव्हा आदल्या दिवशी मी गुपचूप माझ्या चिठ्ठ्यांच्या पाठी वाचल्या. कपाळ कोमट लागले की दे क्विनीन, असा माझा वर्षभर सपाटा चालला होता. सर्दीला क्विनीन, अंगदुखीला क्विनीन, अशक्तपणाला क्विनीन आणि लोह. हिवताप त्यातल्या फार थोड्यांना होता. बाकीच्यांच्या पाठीवर डॉक्टरसाहेबांच्या स्वच्छ अक्षरात 'आपोआप बरा', 'आपोआप बरा' असे लिहिलेले. उद्या हे हुसेनभाईंसमोर वाचले जाणार, या विचाराने माझ्या कानशिलांना आग लागली. मी त्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा उचलला आणि घरी नेऊन ट्रंकेच्या तळाशी, कोटाखाली ठेवला.

चिठ्ठ्या कमी झाल्या, म्हणून क्विनीनचा खप कमी दिसला. खप कमी दिसला, म्हणून मागणी कमी गेली. हुसेनभाईंनी शंका काढली होती. "साहेब, बरणी तर लवकर खाली झाली वाटतं." डॉक्टरसाहेब म्हणाले, "बरणीकडे पाहून अंदाज चुकतो. चिठ्ठी खोटं बोलत नाही." मी समोर बसून पेन्सिलीला टोक करीत होतो. त्या वेळी तोंड उघडले असते तर पुढचे काहीच घडले नसते.

श्रावण लागता लागता मिठागराच्या वाडीत हिवताप शिरला. बरणी झपाट्याने उतरू लागली. अशात एके सकाळी चांगुणा नावाच्या बाईची सासू धावत आली. चांगुणा मिठागरावर काम करणाऱ्या माणसाची बायको, बाळंत होऊन तीन आठवडे झालेले, पहिलीच मुलगी. आम्ही पोचलो तेव्हा ती तापात बरळत होती. सासूने मूल तिच्याजवळ नेले तर म्हणाली, "हे कुनाचं पोर? मानूस येईल त्याचं, देऊन टाका."

सासूने डॉक्टरसाहेबांचे पाय धरले. "डाक्तर, हिला आई न्हाय, बा न्हाय. मीच आनली हिला पसंत करून. वाचवा हो."

हिवतापाची ही जात वाईट असते. आठवडाभर पुरते क्विनीन सतत पोटात गेले तरच माणूस हाती लागतो. हुसेनभाईंनी बरणी तबकात उपडी केली, तर जेमतेम एका दिवसाचे निघाले. पोस्टात विकायला असत त्या क्विनीनच्या पुड्याही केव्हाच संपल्या होत्या. माणगावला पाठवलेला माणूस दुसऱ्या ओढ्यापासून परत आला. नारळी पौर्णिमा दोन आठवड्यांवर होती.

"एवढं क्विनीन गेलं कुठं?" डॉक्टरसाहेबांनी विचारले. हुसेनभाई रिकामी बरणी पुसू लागले. त्यांना संशय असावा, पण त्यांनी माझे नाव घेतले नाही. मी घरी गेलो, ट्रंक उघडली आणि गठ्ठा आणून डॉक्टरसाहेबांच्या हातात दिला. काय केले तेही सांगितले.

त्यांनी उभ्या उभ्या सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या. मी बोलणी खाण्याच्या तयारीने उभा होतो. शेवटची चिठ्ठी वाचून ते म्हणाले, "बरं झालं, फाडल्या नाहीत."

मला वाटले, त्यांनी हे उपरोधाने म्हटले. तसे नव्हते. "हे सगळे आपोआप बरे झालेत," ते म्हणाले. "म्हणजे यांच्या गोळ्या अजून घरात आहेत. चला."

आमच्या भागातला माणूस औषध कधी संपवीत नाही. ताप उतरला की उरलेल्या गोळ्या फडताळात हळदीच्या डब्यामागे जातात, पुढच्या दुखण्याला म्हणून. एरवी डॉक्टरसाहेब यावरून लोकांना ओरडत. आता तीच सवय आमच्या कामाला येणार होती, आणि कोणाचे फडताळ उघडायचे ते माझ्या लपवलेल्या चिठ्ठ्यांवर नावानिशी लिहिलेले होते.

पण पहिल्याच घरी आम्ही अडलो. घरातले औषध दुसऱ्याला दिले तर त्याचे दुखणे आपल्या घरी येते, अशी इथली समजूत. घरधनीण दारात उभी राहून म्हणाली, "डाक्तर, मागाल ते देतो, पर गोली देनार न्हाय. माजी पोरं हायत." दुसऱ्या घरीही तेच. डॉक्टरसाहेबांचा शास्त्रार्थ तिथे चालेना. आम्ही तोंडे पाडून परत आलो.

डॉक्टरसाहेबांचा एक मोठा गुण म्हणजे ते काकूंचे ऐकतात. काकूंनी सारे ऐकून घेतले आणि आतून सूप आणून त्यांच्या हातात दिले. "औषध मागायला जाऊ नका," त्या म्हणाल्या. "लेकुरवाळीची ओटी भरा म्हणून जा. ओटी भरल्यानं कुणाच्या घरी दुखणं येत नाही, आलं तर पुण्य येतं. आणि तुम्ही पुढं होऊ नका, तिच्या सासूला पुढं करा."

त्या दिवशी साखरवेळच्या लोकांनी जे पाहिले, ते मी जन्मभर विसरणार नाही. पुढे चांगुणाची सासू सूप घेऊन, आणि तिच्या शेजारून डॉक्टरसाहेब छत्री घेऊन. छत्री सुपावर धरलेली, स्वतः चिंब. मागून मी, चिठ्ठ्यांवरची नावे वाचीत. सासू दारात उभी राहून म्हणे, "बाय, माज्या सुनेची ओटी भर. तांदूल घाल आन् तापाची गोली असंल तर ती घाल." मघाशी नाही म्हणालेली बाईसुद्धा आत गेली आणि पसाभर तांदूळ घेऊन आली. तांदळावर चार गोळ्या होत्या. मुसलमान मोहल्ल्यात हुसेनभाई गेले. तिथे ओटी नव्हती, पण बाळंतिणीच्या नावाचा सदका, म्हणजे दानधर्म, म्हणून बायाबापड्यांनी रुमालात गोळ्या बांधून दिल्या.

सगळ्यांत मोठी आशा मला रावसाहेबांची होती. अलिबागच्या कचेरीतून निवृत्त होऊन इथे राहायला आलेले हे गृहस्थ दर महिन्याला माझ्याकडून क्विनीन आणि लोहाची बाटली नेत आणि "तुमच्या औषधाने मी तरुण झालो" असे चारचौघांत सांगत. निदान दोन बाटल्या शिल्लक असतील असा माझा अंदाज. रावसाहेब खूप आढेवेढे घेऊन परसात गेले आणि एका पपईकडे बोट दाखवले. कडू लागते म्हणून रोजचा डोस ते तिच्या मुळाशी ओतत होते. पपई मात्र फारच तरारली होती. डॉक्टरसाहेब तिच्याकडे पाहत मला म्हणाले, "हिच्या पाठीवर काय लिहू या?" तसल्या पावसात, तसल्या काळजीत मला हसू फुटले आणि त्यामागोमाग रडू आले.

तिन्हीसांजेला हुसेनभाईंनी सुपातला तांदूळ बाजूला करून गोळ्या निवडल्या, ओलावलेल्या वेगळ्या काढल्या, बाकीच्या काट्यावर तोलल्या. सात दिवसांचे भरले. वर थोडे उरलेसुद्धा. तांदूळ चांगुणाच्या घरी गेला, आणि मिठागरावर पावसाळ्यात काम नसते, तेव्हा त्याचीही गरज औषधाएवढीच होती. पाचव्या दिवशी चांगुणाने पेज मागितली. सहाव्या दिवशी मूल मागितले.

पुढे एकदा भर दवाखान्यात रावसाहेबांनी विचारले, की अनुभवी डॉक्टरांकडे औषध संपतेच कसे? ओसरी रोग्यांनी भरलेली होती. मी मागे मिश्रण ढवळीत होतो. डॉक्टरसाहेब म्हणाले, "हिशेब आमचा चुकला." आमचा, म्हणाले. त्यात माझे नाव नव्हते, त्यांचे होते. लोकांनी त्यावर बोलायचे ते बोलून घेतले, एक-दोन घरे काही दिवस माणगावच्या डॉक्टरकडे गेली, आणि डॉक्टरसाहेबांनी अवाक्षर काढले नाही. छत्री माझ्यावर धरली ती अशी. पुढच्या मळणीला माझा तो गठ्ठा त्यांनी स्वतःच्या चिठ्ठ्यांत मिसळून टाकला आणि नेहमीच्या आवाजात वाचला. त्या दिवसापासून मी एकही चिठ्ठी लपवलेली नाही. मी आज जो काही वैद्य आहे, तो त्या 'आमचा' या एका शब्दाने झालो. हे ऋण फेडता येणार नाही, म्हणून निदान उघड मान्य करतो आहे.

आता दरवर्षी मळणीच्या दिवशी दवाखान्याच्या ओसरीवर काकू एक सूप ठेवतात. आसपासच्या वाड्यांतल्या बाया येतात, पसाभर तांदूळ घालतात आणि घरात उरलेल्या गोळ्याही घालतात. चांगल्या निघतील त्या हुसेनभाई वेगळ्या ठेवतात, मग मुंबईची यादी होते. यादी दरवर्षी थोडी आखूड होत गेली आहे. औषध परत देणे अशुभ असते, हे आता कोणाला आठवतही नाही.

यंदाच्या आषाढात, बंदर बंद असताना, डॉक्टरसाहेब स्वतः तापाने पडले. थंडी वाजून आलेला सरळ हिवताप, पण ते कबूल करीनात. बरणी या वर्षीही उतरलेली होती, आणि आपल्यासाठी तिच्यात हात घालायला ते तयार नव्हते. "साधा पडसेताप आहे. आपोआप जाईल." मी सांगून पाहिले, काकू रागावल्या, हुसेनभाईंनी हात जोडले. तिसऱ्या दिवशी चांगुणा आली. बरोबर तिची मुलगी, आता आईच्या खांद्याला लागलेली. मुलीच्या हातात सूप, सुपात तांदूळ, तांदळावर गोळ्या. मळणी झाल्यापासून घराघरांत जे उरले होते, ते तिने वाडीभर फिरून गोळा केले होते.

डॉक्टरसाहेब पांघरुणातून म्हणाले, "अगं, पुरुषाची ओटी भरत नाहीत."

"मंग काकूंची भरतो," चांगुणा म्हणाली. "तांदूल त्यास्नी. गोली तुमी खावा."

डॉक्टरसाहेबांनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला. "किती तांदूळ आहे हा?"

"मोजून न्हाय आनला," ती म्हणाली. "माज्या येळला तुमी मोजला व्हता?"

त्यांनी भिंतीकडे तोंड केले आणि हात पुढे केला. काकूंनी गोळी हातावर ठेवली.

आठ दिवसांनी ते उठले, आणि उठल्याबरोबर आपल्या चिठ्ठीच्या पाठीवर त्यांनी 'आपोआप बरा' असा शेरा मारला! हुसेनभाईंनी चष्मा पुसून तो वाचला आणि ती चिठ्ठी फाइलीला लावायचे साफ नाकारले. "साहेब, माझं इमान मला एवढं खोटं लावू देत नाही." शेवटी मी लेखणी उचलली, त्यांच्यादेखत तो शेरा खोडला आणि खाली लिहिले, 'गावाने बरा'. आमच्या मळणीत यापुढे एका चिठ्ठीचा का होईना, चौथा ढीग राहील.

डॉक्टरसाहेब, आपली साठी झाली. आपण आम्हा सर्वांना प्रत्येक गोष्ट मोजून द्यायला शिकवलेत आणि स्वतः मात्र उभ्या आयुष्यात काही मोजून दिले नाहीत. आपली प्रकृती उत्तम राहो, चहा बशीतच राहो, आवाज बंदरापर्यंत जात राहो, आणि ओसरीवर चिठ्ठ्या ओतल्या की पहिली चिठ्ठी उचलायला आपण समोर असा. किती वर्षे, असे आपण विचाराल. आम्ही साखरवेळची माणसे आपले आयुष्य मागायला देवापुढे सूप घेऊन उभी आहोत, आणि मोजून मागत नाही.